बाटलीतला दुसरा

वैभवी : थांबा मॅडम! तो मेल पाठवू नका.

प्रेमलता : आधी बस. घामानं निथळते आहेस. सीताबर्डीहून प्रताप नगरपर्यंत पायी आलीस की काय?

वैभवी : ऑटोनं आली. फोन काहून नाही उचलला? सात वेळा लावला मी.

प्रेमलता : आपल्या पेपरच्या परीक्षकांना उत्तरं लिहीत होते. आज शेवटची तारीख. तीस तारखेला मी रिटायर होते, वैभवी. त्याआधी आपल्या सूक्ष्मजीवाला नाव मिळायला हवं. चार वर्षं झाली तुमच्या कुहीच्या धानाच्या बांधीतला चिखल आणून.

वैभवी : नाव द्याचं कोणाले? बाटलीत एकटा नाही तो.

प्रेमलता : म्हणजे?

वैभवी : आपला कांडीसारखा जंतू, तो आर्किया, हायड्रोजनवर जगते, मिथेन बनवते. मिथेनॉल त्याले पचतच नाही, तसा जीनच नाही त्याच्यात. मी एका बाटलीत नुसतं मिथेनॉल टाकलं होतं. बुचात सुई टोचली, तर सिरिंजचा दट्ट्या गॅसनं आपोआप वर आला.

प्रेमलता : हायड्रोजन राहून गेला असेल आत.

वैभवी : चारदा केलं, मॅडम. चारही वेळा गॅस.

प्रेमलता : अगं, जनुकं स्पष्ट सांगताहेत, प्रजाती नवी आहे. आज सगळं वर्गीकरण जनुकांवरच उभं आहे.

वैभवी : पण वर्णनही लिहिलं न आपण? आकार कसा, खाते काय, किती गरमीत वाढते. दोघांचं वागणं एकाच्या नावावर लिहून राहिलो. अन् जीन वाचले तेव्हा काही तुकडे जुळत नव्हते. ते आपण कचरा म्हणून फेकले.

प्रेमलता : कधीपासून माहीत आहे तुला?

वैभवी : राखीच्या सणापासून.

प्रेमलता : आणि एवढे दिवस माझ्यासमोर बसून मसुदा वाचत होतीस!

वैभवी : तुमच्या निरोपाचा हॉल बुक झाला. तिकडं बाबानं गावभर सांगून ठेवलं, आपल्या बांधीतल्या किड्याले कुहीचं नाव लागून राहिलं म्हणून. कोणत्या तोंडानं बोलू? झोप नाही मले. वाटे, चौथ्या वेळी नाही होणार गॅस. काल तोही झाला.

प्रेमलता : मग आजही गप्प बसायचं होतंस.

वैभवी : नाही बसवलं. उद्या कोणी आपलीच बाटली मागवंन, अन् त्याले मायक्रोस्कोपात गोल पेशी दिसतीन. कांड्यांच्या मधात…

प्रेमलता : चार-चारच्या गठ्ठ्यात.

वैभवी : तुम्हाले कसं माहीत?

प्रेमलता : पाचव्या पानावरचा फोटो. त्याच्या डाव्या कडेला दिसल्या होत्या, ती कड मी कापली.

वैभवी : मॅडम!

प्रेमलता : मेलेली पेशी असेल म्हटलं. बुडबुडा असेल. पण निळी-हिरवी चमकत होती गं ती. मेलेली चमकत नाही. बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, दिसलं तेच लिहा.

वैभवी : मी उगाच आली का?

प्रेमलता : नाही. खुर्ची सरकव इकडे. लिहिते. “कल्चर शुद्ध नाही, पेपर मागे घेत आहोत.” फोटोचंही लिहिते.

वैभवी : मले राखीपासून माहीत होतं, तेही लिहा.

प्रेमलता : ते नको. तुझं सगळं पुढे आहे अजून.

वैभवी : लिहा, मॅडम.

प्रेमलता : बरं, तेही लिहिलं. गेला मेल. पाणी दे गं जरा.

वैभवी : दोघं वेगळे कराले सहा महिने तरी लागतीन.

प्रेमलता : माझ्याकडे लॅबची किल्ली नसेल तेव्हा.

वैभवी : मी आहो न. दार मी उघडीन, तुम्ही याचं फक्त.

प्रेमलता : बघू. या बाटल्यांचा आता भरवसा नाही, पुन्हा चिखलापासून सुरू करू. बाबांना फोन लाव. आणि खरं सांग त्यांना.

(वैभवी फोन स्पीकरवर टाकते.)

रुपराव : बोल वं पोरी. छापून आलं का?

वैभवी : नाही बाबा. येतही नाही आता. चूक झाली आमची. एकच हाय समजून राहिलो, बाटलीत दोघं निघाले.

रुपराव : दोघं?

वैभवी : हो. पुन्हा चिखल लागते. बांधीत पाणी हाय न?

रुपराव : हाय न, पोटरीभर.

वैभवी : गावात काय सांगान तुम्ही?

रुपराव : ते माझं मी पाहीन. तू रडून राहिली का?

वैभवी : नाही.

रुपराव : मंग आयक. दोघं निघाले म्हणतं न? तं दोन डबे भरून आणतो.