पेटीवरची लाल झेंडी

हॅलो?… हो, व्हर्लाच. चर्चच्या ऑफिसातून… बोल आर्डिस…

मिळालं ना पत्र? बरं झालं… छे गं, आभार कसले! मुळात घोळ माझाच. चर्चच्या छपरासाठी तुझ्या ऑरिनने नऊ हजार डॉलर दिले, मी पावती दिली, आणि ‘या देणगीच्या बदल्यात काहीही दिलेलं नाही’ एवढं एक वाक्य घालायचं विसरले. तेवढ्यासाठी करखात्याने त्याची सवलत नामंजूर केली!… हो ना! बदल्यात काय देणार आम्ही? तळघरातली पांचट कॉफी?…

अगं, हळू बोल. पास्टर शेजारच्या खोलीत आहेत… नाही बाई, त्यांना कुठलं सांगते! जुनी तारीख घालून पत्र केलं, हे काय सांगायचं?… मग काय करणार? कर भरायच्या आधीच तसं पत्र हातात हवं, असा नियम. म्हणून तर गेल्या वर्षीचा जानेवारी घातला… दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. तुझ्या आग्रहापायी… बरं, बरं, ‘हो’ मीच म्हटलं.

काय म्हणाला ऑरिन?… कागद आवडला? कसला कागद?… वर निळा क्रॉस?

आर्डिस, थांब. प्रत ठेवलीयस ना? वर पास्टरांचं नाव छापलंय, ते वाच… अगं वाच ना!

…ब्रेकी.

मेले मी… अगं, ब्रेकी जूनमध्ये आले! जानेवारीत हॉगन होते! त्यांना ॲरिझोनाला जाताना निरोप दिला, तेव्हा केक तूच केला होतास!… जुने कागद संपले, मी नवे घेतले, बघितलंच नाही गं… हसू नकोस! खोटा कागद केला म्हणून धरतील मला!

मूळ पत्र कुठंय?… घरासमोरच्या टपालपेटीत? टपालवाल्याने न्यावं म्हणून लाल झेंडी वर करून आलीस?… किती वाजता? टपालवाला येऊन गेला?… मग जा ना! पळ! फोन ठेवू नकोस…

…अं? नाही, पास्टर, काही नाही. आर्डिस आहे… हो, छपराचंच… सांगते हं तुमचा नमस्कार.

…हॅलो? आर्डिस? आधी दम घे… झेंडी?

…खाली.

पेटीत हात घालून बघितलंस?… रिकामी…

रडू नकोस. ऐक… ऐक माझं. सही माझी आहे. पत्र करखात्यात पोचायच्या आत मीच फोन करून खरं काय ते सांगते… सवलत जाईल, माहितीये. ऑरिनला मी तोंड दाखवेन कसंबसं… भीती? वाटतेय, पण त्यांचा नंबर शोधतेच आहे…

ठेवते आता. दारात उभे आहेत… हो, तेच… कधीपासून, कुणास ठाऊक.

या, पास्टर. दार लावून घ्या.