फॉर्मवरचं ‘निल’

हॅलो?… हां, बोल गं चैत्राली. नाही, मीटिंग नाही, ऑफिसातच आहे, रॅफल्स प्लेसला… अगं, घसा केवढा बसलाय तुझा! ताप उतरला का?… डॉक्टरांकडे जाऊन आलीस? शहाणं गं माझं बाळ.

काय शब्द?… पुन्हा म्हण… योहदान्नाइनेन? अगं, हा तर माझ्या पोटापाण्याचा शब्द! तुमच्या फिनलंडच्या बँकेचे करार येतात ना आमच्याकडे, त्यात पानोपानी तोच. डेरिव्हेटिव्ह!… हो, हो, अगं ऐक ना. शेअर एक असतो आणि त्याच्या भावावर बेतलेला करार दुसरा, तो करार म्हणजे योहदान्नाइनेन. केमिस्ट्रीतही तेच. मूळ द्रव्य एक, त्याच्यापासून काढलेलं दुसरं. खाण तशी माती… पण तुला कुठे भेटला हा? परीक्षा आहे का?…

गोळ्यांच्या पाकिटातल्या कागदावर?

थांब. त्याच्या आधीचा शब्द वाच… हळू, एकेक अक्षर… पेनि… काय?… पेनिसिलीन!

अगं बाई! चैतू, ती गोळी घेऊ नकोस. फेकून दे… घेतली? कधी?… वीस मिनिटं झाली?… ‘चिल लाह’ काय, चिल लाह! तुझं ते सिंगापुरी ‘शांत हो’ राहू दे! चार वर्षांची होतीस तू. पुण्यात पेनिसिलीन दिलं आणि तोंड सुजून भोपळा झाला होता तुझा, श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाले, पुन्हा जन्मात द्यायचं नाही हिला…

हो, नाही सांगितलं. चुकलं माझं!… अगं, सिंगापूरला यायचं म्हणून बाबांच्या नोकरीच्या वर्क पासचे फॉर्म भरताना जो तो सांगायचा, आजारपण काही लिहू नका, उगाच अडकवतात. मग तुझ्या शाळेच्या, व्हिसाच्या, सगळ्या फॉर्मवर मी ‘निल’ लिहीत गेले. तुला सांगितलं असतं तर तू खरं लिहिलं असतंस ना…

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, अ‍ॅलर्जी आहे का म्हणून?… आणि तू ‘नाही’ म्हणालीस. म्हणणारच. मीच शिकवलंय.

मान खाजतेय?… आणि ओठ? आरशात बघ… जड झालेत?

हे बघ, रडू नकोस. मी तरी कुठे रडतेय? शेजारच्या मुलींना हाक मार… सगळ्या क्लासला गेल्यात? बरं. दार सताड उघडं टाक आणि तिथेच बस… बसलीस? आता एकशे बारा लाव, अँब्युलन्स मागव. सांग, पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे, गोळी पोटात गेलीये, गळा सुजतोय. डॉक्टरांना ‘नाही’ म्हणाले ते चूक होतं, आईने लपवलं होतं, असं सांग. खुशाल सांग…

नाही बाळा, मी लाइनवर नाही थांबू शकत. इथे ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी काय करणार आहे तुझं? तुझा फोन मोकळा हवा… हो गं, मलाही नाही ठेववत. पण ठेव.

ठेव ना… नाही ठेवत?

मग मीच ठेवते.