गावंडे सर विचारायचे, किल्ली कुठं असते

सुमनवहिनी, सरांच्या घरची मंडळी, व्यासपीठावरचे मान्यवर, माझे सहकारी, आणि आत जागा नाही म्हणून दाराशी उभी असलेली मुलं,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो. रडू येईल म्हणून नव्हे. रडणं तेरवीपर्यंत संपलं. नको म्हणालो, कारण शोकसभेत माणसानं गोड बोलावं अशी रीत आहे, आणि माझ्या तोंडात गोड काही उरलेलं नाही. मग काल वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बोला. बाकी सारे चांगलंच बोलतीन." म्हणून उभा आहे.

गेटवर मोठा फ्लेक्स लागला आहे. तुम्ही सगळे त्याच्याखालून आत आलात. वर अध्यक्षांचा फोटो आहे, त्याच्या बाजूला सचिवांचा, मग प्राचार्यांचा, मग अधीक्षकांचा. खाली 'शोकाकुल' असं लिहिलंय, आणि कोपऱ्यात, पासपोर्टएवढ्या चौकटीत, आपले गावंडे सर. मी तिथं थोडा वेळ थांबलो. सर शेजारी असते तर माझा दंड धरून म्हणाले असते, "पाहा पुंडलिकराव, रचना पाहा. मेलो मी, अन् वर कोण?" आणि खळखळून हसले असते.

मला हसू आलं नाही.

सरांचा विषय तुमच्यातल्या पुष्कळांना कधी नीट कळला नाही. वेळापत्रकात त्याचं नाव 'व्यवसाय संघटन'. मुलं तो पास होण्यापुरता घेतात. सरांना त्याचं वेड होतं. माणसं एकत्र येऊन एखादं काम करतात, तेव्हा कोण कोणाला विचारतं, कोणाच्या हातात काय असतं, आणि काम नेमकं कुठं अडतं, एवढंच ते आयुष्यभर पाहत राहिले. एसटीच्या डेपोत ते तासन्‌तास बसायचे. जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला टेकून उभे राहायचे. बचत गटाच्या बायकांच्या बैठकीत कोपऱ्यात बसून चहा प्यायचे. लोकांना वाटायचं, मास्तरला काम नाही.

नवीन ठिकाणी गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "काहून बावा, किल्ली कुठं असते तुमची?" कुठलीही किल्ली. गेटची, पंपाची, औषधाच्या कपाटाची. मी एकदा विचारलं, सर, किल्लीचं काय एवढं? ते म्हणाले, "भिंतीवर कोण कोणाच्या वर असा जो तक्ता लावते ना, तो पाहुण्यांसाठी असते. ज्याले गरज आहे त्याच्यापासून किल्ली किती दूर ठेवली, ते पाहा. तुमाले सारी संस्था समजते."

एका वर्षी मी त्यांना आमच्या गावच्या मारुतीच्या भंडाऱ्याला नेलं. मी दर्शनाला नेलं होतं. त्यांनी बाहेरूनच हात जोडले आणि जाऊन बसले चुलाणापाशी. वरणावर आमचा गणबा होता. सरांनी त्याची उलटतपासणीच सुरू केली.

"वरण कमी पडलं त कोणाले विचारता?"

"विचारता कायले? पाणी ओततो, डाळ टाकतो."

"अन् तुमचा अध्यक्ष?"

"तो तिकडं बुंदी वाढून राह्यला. त्याले कायले तरास द्या?"

परतताना बसमध्ये सर दिग्रस येईपर्यंत त्याच आनंदात होते. म्हणाले, "पुंडलिकराव, ह्येच आपल्या कॉलेजात असतं त पंगत उठून गेली असती. वरणाचा प्रस्ताव सचिवांकडं पडून असता."

लोकहो, ही थट्टा होती. ही थट्टा आम्ही वर्षानुवर्षं केली. आता तिच्यातला एक शब्दही थट्टेचा राहिलेला नाही.

संस्थेची गाडी घेतली तेव्हाची सभा आठवा. याच सभागृहात होती. गाडी विद्यार्थ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी आहे, असं सांगून आपल्या सगळ्यांकडून टाळ्या घेतल्या. सर उठले आणि एकच मागणं मागितलं. किल्ली गेटवर, आपले ड्रायव्हर रशीदभाई बसतात त्या खोलीत, खुंटीला असू द्या. अध्यक्षसाहेब म्हणाले, "सर, खुंटीला किल्ली टांगली तर उद्या गाडीत बकऱ्या फिरतील." सभागृह हसलं. सर म्हणाले, "फिरू द्या साहेब. बकऱ्या उतरवून माणूस बसवता येते." त्यावर कोणी हसलं नाही. किल्ली अधीक्षकांच्या ड्रॉवरमध्ये गेली. ड्रॉवर उघडायचा तर प्राचार्यांचा शब्द. प्राचार्यांचा शब्द हवा तर सचिवांची संमती. आणि सचिवांनी साहेबांच्या कानावर घातल्याशिवाय काहीच नाही. दुसरी किल्ली साहेबांच्या घरी.

ही रचना. आता त्या दुपारबद्दल सांगतो. अनेकांनी ऐकलंय, पण तुकड्या-तुकड्यांनी ऐकलंय. सलग ऐका.

परीक्षेचे दिवस होते. ऊन असं, की आवारात कुत्रंही नव्हतं. सर सुपरव्हिजन करून आले आणि स्टाफरूमच्या बाकावर बसले ते छाती धरूनच. अंगाला घाम. रुग्णवाहिकेला फोन केला, ती बाळंतिणीला घेऊन यवतमाळला गेलेली. आपलं कॉलेज गावाबाहेर, त्या उन्हात ऑटो नाही. माझ्या मोटारसायकलवर बसवून पाहिलं, ते एका बाजूला घसरू लागले. आणि समोर पोर्चमध्ये, सावलीत, पांढरीशुभ्र गाडी उभी. दाराला हात लावून रशीदभाई उभे. टाकीत डिझेल. सगळं होतं. किल्ली तेवढी नव्हती.

मी अधीक्षकांकडे गेलो. म्हणालो, सरांच्या छातीत कळ येते आहे, घाम फुटलाय, किल्ली द्या. ते म्हणाले, प्राचार्यांना विचारतो. प्राचार्यांनी सचिवांना फोन लावला आणि सांगितलं, गावंडे सरांची तब्येत बिघडली आहे. सचिवांनी साहेबांना फोन लावला. साहेब उमरखेडला लग्नात. त्यांना निरोप गेला, गावंडे सरांना जरा बरं नाही. पाहिलंत? कळ निघाली खालून, आणि वर पोचेपर्यंत 'जरा बरं नाही' झाली. सर वर्गात शिकवायचे, वाईट बातमी जिना चढताना हलकी होत जाते. प्रत्येक पायरीवर कोणीतरी तिचं थोडं ओझं काढून ठेवतो, कारण वरच्याला त्रास नको.

मी बाकापाशी परत आलो. सरांनी डोळे उघडून विचारलं, "कुठवर पोचलं?"

मी म्हणालो, सचिवांपर्यंत.

"मंग अजून एक टप्पा हाय," ते म्हणाले. आणि हसले. त्या अवस्थेत हसले. मग माझा हात धरून म्हणाले, "पोरांले शिकवजा हे. असं उदाहरण पुन्हा नाही भेटत."

उमरखेडहून उत्तर आलं. संध्याकाळी पाहुण्यांना आणायला गाडी लागेल, तोवर दुसरी काही सोय होते का पाहा.

हे मी अध्यक्षसाहेबांच्या तोंडावर बोलतो आहे. पाठीमागे बोललो असतो तर ती चहाडी झाली असती.

ते उत्तर ऐकलं आणि रशीदभाईंनी कोणालाही विचारलं नाही. जॅकचा दांडा घेतला, ऑफिसात गेले, ड्रॉवर फोडला. आम्ही सरांना मागच्या सीटवर घेतलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. मार्केट यार्डाच्या कमानीपाशी त्यांनी एक लांब श्वास घेतला. मी पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिलो. दवाखान्यापर्यंत वाट पाहत राहिलो. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, थोडं आधी आणायचं होतं.

थोडं आधी. आधी ते कुठं होते हे डॉक्टरांना कोण सांगणार? ते गाडीपासून दहा हातांवर होते.

आता पुढचं ऐका, कारण आजच्या सभेत खरा प्रश्न हाच आहे. संस्थेनं चौकशी सुरू केली आहे. मला बरं वाटलं होतं. मग कळलं, चौकशी रशीदभाईंची आहे. संस्थेच्या मालमत्तेची तोडफोड, परवानगीशिवाय वाहनाचा वापर. त्यांना निलंबित केलंय. उद्या त्यांना समितीपुढे बोलावलंय, आणि समितीत कोण आहे? ज्यांचे फोटो फ्लेक्सवर आहेत तेच.

सरांनी हेही शिकवलं होतं. अशा रचनेत दोष कोणाला लागतो? ज्यानं स्वतःच्या हातानं काही केलं त्याला. बाकीच्यांनी फक्त पुढे विचारलं, आणि विचारणाऱ्याला कुठल्या कलमाखाली धरणार?

परवा रशीदभाई माझ्या घरी आले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. म्हणाले, "सरजी, गलती मेरीच है. ड्रॉवर पहलेच फोडना था." एवढ्या सगळ्या प्रकरणात 'चूक माझी' म्हणणारा मला हा एकच माणूस भेटला. आज ते मागे उभे आहेत. निलंबित माणसाला खुर्ची नाही.

मी रोज सकाळी मारुतीला पाणी घालतो. आयुष्यात देवाकडे कोणाचं वाईट मागितलेलं नाही. पण सर गेल्यापासून मी हात जोडून एकच मागणं मागतो आहे, आणि ते क्षमेचं नाही. मी मागतो, की या चौघांवर अशी एक दुपार यावी. गाडी दारात असावी, ड्रायव्हर उभा असावा, आणि किल्ली चार माणसांपलीकडे असावी. त्यांनीही कोणालातरी विचारावं, कुठवर पोचलं म्हणून. पुजारीबुवा म्हणाले, पुंडलिका, असं मागू नये. मी म्हणालो, बुवा, देवाला जे द्यायचं नसेल ते तो देणार नाही. मी माझं मागणं मागे घेणार नाही.

आणि देवावर सोडून मी घरी बसणार, असंही कोणी समजू नये. सरांचा तास आता माझ्याकडे आला आहे. आदेश निघालाय, खाली प्राचार्यांची सही आहे. साहेब, तुमचा नातू यंदा कॉमर्सला आला. सचिवांची पुतणी त्याच वर्गात आहे. 'संघटनेची रचना' या धड्याचं पहिलं उदाहरण मी आता बाहेरचं देणार नाही. फळ्यावर पोर्च काढीन, गाडी काढीन, बाक काढीन. मग चार चौकटी काढीन, आणि चौकटीत पद लिहिणार नाही, माणसाचं नाव लिहीन. पहिला फोन कोणी केला, कोणता शब्द कोणी हलका केला, लग्नातून काय उत्तर आलं, सगळं. दर वर्षी. मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी. मुलं घरी जाऊन विचारतील. मी फक्त एवढं करणार आहे. मला काढून टाकायचं असेल तर जरूर काढा. त्या कागदावर सही कोणाची असेल, एवढंच मला पाहायचं आहे. तीही फळ्यावर लिहीन. कॉलेजचा फळा नाही मिळाला तर आमच्या मारुतीच्या पाराला भिंत आहे.

उद्या रशीदभाईंच्या समितीपुढे मी जाणार आहे. मला बोलावलेलं नाही. दाराशी उभी असलेली मुलंही येणार आहेत, त्यांनाही बोलावलेलं नाही. गणबा वरणात पाणी ओतायला कोणाला विचारत नाही, तसंच समजा.

फार बोललो. संपवतो.

ही किल्ली. दवाखान्याच्या दारात रशीदभाईंनी माझ्या हातात दिली, तेव्हापासून माझ्याकडे आहे. परत करा म्हणून तीन निरोप आले. साहेबांच्या घरच्या किल्लीवर गाडी रोज चालते, म्हणजे अडलेलं काही नाही. तरी ही हवी आहे. मी ती इथं टेबलावर ठेवतो, सरांच्या फोटोपुढे, हाराच्या बाजूला. ज्याला ती उचलायची असेल त्यानं सुमनवहिनींना विचारावं. वहिनींनी सांगितलं, ती गेटवरच्या खुंटीला जाईल, तर ती तिथंच जाईल.

आता आपण सगळे सरांसाठी मौन पाळू या. कृपा करून उभे राहा. रशीदभाई, तुम्ही पुढे या, वहिनींच्या शेजारी.

साहेब, तुम्हीही. तुमचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे. त्या दुपारी आम्ही सगळे तुमच्या होकाराची वाट पाहत उभे होतो. मौन केव्हा संपलं हे आज मी सांगणार नाही, प्राचार्य सांगणार नाहीत, तुम्हीही सांगणार नाही. वहिनी खाली बसतील तेव्हा आपण बसू.

वहिनी, घाई करू नका.