दुसरं बोट

एडिटर : ही तिसरी वेळ आहे. परवा म्हणालात बोटं कापली जातायत, ती नीट केली. काल म्हणालात मनगट धूसर होतंय, तेही केलं. आज परत बोटं?

बहीण : रागावू नका ना. ताई म्हणते, थोडंसंच राहिलंय. एक मिनिट आठ सेकंदांवर.

एडिटर : त्यांना सांगा, चार मिनिटांचा व्हिडिओ आहे. सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे झाली सहा हजार. त्यातल्या प्रत्येक चित्रात बाईंच्या भोवती रेघ आहे. रेघेच्या आत बाई स्वच्छ, रेघेबाहेर सगळं धूसर. त्यालाच आम्ही मास्क म्हणतो. माणूस जागेवर बसून बोलत असला की संगणक आपला आपण रेघ ओढत नेतो. तुमच्या बाईंचे हात कुठे थांबतात? हात पुढे निघून जातो, रेघ मागे राहते. मग मी बसतो एकेक चित्र हाताने सुधारत.

बहीण : तिला ऐकू येत नाही, ती बोलते ती हातांनीच. शाळेतही मुलांना हातांनीच शिकवते. हात थांबवले तर काय सांगणार ती?

एडिटर : ते कळतं हो मला. म्हणून तर दोन दिवस बाकीची कामं बाजूला सारून बसलोय. माझं म्हणणं एवढंच, की एखादं बोट दोन-चार चित्रांपुरतं पुसट झालं, तर कुणाच्या लक्षात येणार आहे? विचारा त्यांना.

बहीण : ती म्हणते, बरं. पण जमलं तर बघा.

एडिटर : एवढंच म्हणाल्या?

बहीण : एवढंच.

एडिटर : हे बघा, मला त्यांची भाषा येत नाही, पण डोळे आहेत. अर्धा मिनिट हात चालले होते. दोनदा टेबलावर आपटले. माझी पेन्सिल खाली पडली. एवढ्याचं ‘जमलं तर बघा’ झालं?

बहीण : सार सांगितलं मी.

एडिटर : सगळं सांगा.

बहीण : सगळं सांगून काय होणार? तुम्ही चिडाल, ती चिडेल आणि मधल्या मध्ये मी. सात वर्षांची असल्यापासून हेच करतेय. दुकानदार काही लागेलसं बोलला की तिला ते गोड करून सांगायचं. ती बोलली की दुकानदाराला गोड करून. नाहीतर आमच्या घरात साधी साखर आली नसती. आज अर्धी रजा टाकून आलेय, परवा आणि कालही टाकली होती. ऑफिसात मला आता विचारतात, बहीण आजारी आहे का म्हणून. मला हे आज संपवायचंय, बास.

(बाई बहिणीच्या हातातली वही ओढून घेतात आणि लिहू लागतात. इथून पुढे त्या लिहूनच बोलतात. एडिटर आणि बहीण वाचतात. एडिटरचं बोलणं बहीण त्यांना हातांनी सांगत राहते.)

बाई : हिचे ओठ मला वाचता येतात. ही बोलायला शिकली तेव्हापासून. मी म्हणाले ते असं : तुमच्या लेखी ते बोट आहे. माझ्या लेखी शब्द आहे. तुम्ही माझे शब्द खाताय.

बहीण : ताई, अगं—

एडिटर : लिहू द्या त्यांना. बाई, मी मुद्दाम नाही हो काही खाल्लं. दवाखान्याच्या साहेबांनी बजावून सांगितलं, मागचं कपाट दिसता कामा नये. तुमच्या वर्गातलं ते कपाट, एक दार निखळलेलं, वर जुन्या तक्त्यांच्या गुंडाळ्या. दवाखान्यात टीव्हीवर लावायचाय व्हिडिओ, तिथे ते शोभत नाही म्हणाले. मी हुकमाचा ताबेदार.

बाई : एक मिनिट आठ लावा. तुम्ही बघा. मी काय म्हणतेय ते तुम्ही सांगा.

एडिटर : मला कुठून येणार?

बाई : सकाळ कळेल. आकडा कळेल. लावा.

एडिटर : बरं, लावतो. सूर्य वर आला, म्हणजे सकाळ. मग तोंडाकडे हात, म्हणजे घ्यायची. आणि एक. सकाळी एक गोळी.

बाई : दोन.

एडिटर : नाही, एक आहे. थांबा, परत लावतो. एकच दिसतंय की. जरा हळू करून बघू. हां. आहे, दुसरं बोट आहे. ते नेमकं कपाटाच्या दारावर आलंय. दार तपकिरी, बोट तपकिरी. संगणकाला वाटलं हेही कपाटच, त्याने धूसर करून टाकलं.

बहीण : ह्या गोळ्या फिटच्या आहेत. सांगितलंय ना कुणी तुम्हाला?

एडिटर : मला सांगितलं, माहितीचा व्हिडिओ आहे, मागचं स्वच्छ करा आणि चेहरा उजळा.

बहीण : ताईची एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिला फिट यायची. दवाखान्यात गोळ्या एकाच्या दोन केल्या आणि खिडकीतून तोंडी सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण मागे रांग होती, परत विचारायची लाज वाटली. मान हलवून घरी आली आणि एकच घेत राहिली. बाराव्या दिवशी जिन्यात फिट आली. जबडा मोडला, चार दात गेले. हॉस्पिटलात डॉक्टर विचारत होते, सांगितलं होतं ना दोन घ्यायच्या? तो प्रश्न तिला हातांनी विचारायला ताईलाच बोलावलं होतं.

बाई : तोंड बांधलेलं होतं. हातांनी उत्तर देत होती. सॉरी म्हणत होती. मला. डॉक्टरला. सगळ्यांना.

बहीण : त्यानंतर सहा महिने ही त्या दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत होती, व्हिडिओ करा म्हणून. मीही होतेच बरोबर, दुसरं कोण असणार?

एडिटर : हे आधी सांगायचंत.

बहीण : ती सांगत होती. पहिल्या दिवशीच. मी म्हटलं, त्यांना कामाची घाई आहे, कशाला उगाच.

बाई : आणखी एक. तीन मिनिटं दोन. माझा चेहरा.

एडिटर : चेहरा तर चांगला आलाय, बाई. त्याला वेगळा मास्क आहे. कपाळ, गाल सगळं गुळगुळीत केलंय, दहा वर्षांनी लहान दिसताय.

बाई : मी त्रेपन्न वर्षांची आहे. तिथे मी सांगते, बरं वाटलं तरी गोळी बंद करायची नाही. हे कपाळाला आठी घालून सांगायचं असतं. तुम्ही आठी पुसली. आता मी पाहुण्यांना बसा म्हणतेय असं दिसतं.

एडिटर : काढतो. हा बघा, गेला. एका क्लिकचं काम. बनवायला दीड दिवस लागला होता, ते जाऊ द्या.

बहीण : आणि बोटं? पाच वाजता साहेबांचा माणूस घ्यायला येणार ना? दीड वाजून गेलाय.

एडिटर : तेच बघतोय. बाईंच्या भोवती रेघ आखायची हीच मुळात चूक झाली. कितीही सुधारली तरी कुठे ना कुठे बोट सुटणारच. उलटं करतो. रेघ कपाटाभोवती आखतो. कपाट काही हलत नाही, कॅमेराही हलला नाही. तेवढाच भाग धूसर, बाकी सगळं जसं आहे तसं. आणि बाईंचा हात कपाटावरून जाईल तेव्हा तेवढ्यापुरता मास्क बंद.

बहीण : म्हणजे कपाट दिसणार?

एडिटर : मधूनमधून दिसणार. निखळलेल्या दारासकट.

बहीण : साहेब ऐकतील?

एडिटर : विचारतो. हॅलो, साहेब, हो, पाचला तयार असेल. एक सांगायचं होतं, कपाट थोडं दिसणार आहे. नाही, तसं पुसता येतं. पण ते पुसलं की एक गोळी कमी होते. गोळी. दोनाची एक दिसते. मी स्वतः दोनदा बघितलं, मलाही एकच दिसली. नाही साहेब, बाईंचा हट्ट नाही, मीच सांगतोय. शेवटी तुमच्या दवाखान्याचं नाव असणार ना त्यावर. हो. हो. बरं.

बहीण : काय म्हणाले?

एडिटर : म्हणाले, दिसू दे कपाट.

बहीण : सुटलो बाई.

एडिटर : अजून कुठे? तीन तास लागतील. हात कपाटावर कधी येतो ते मला दिसेल, पण शब्द पुरता झाला की मध्येच तुटला, ते मला काय कळणार? बाईंना शेजारी बसावं लागेल.

बहीण : मग मी फोन करते. उरलेली रजाही टाकते आता.

बाई : नको. तू जा.

बहीण : मी गेल्यावर तुम्ही दोघं बोलणार कसं?

एडिटर : बोलायचंय काय एवढं? शब्द तुटला की त्या टेबलावर हात मारतील. चांगला जोरात मारतात. पेन्सिल मी उचलून ठेवतो.

बहीण : आणि तुम्हाला काही सांगायचं असलं तर?

एडिटर : लिहीन. माझं अक्षर माझ्या बायकोलाही लागत नाही, पण लिहीन.

बाई : अठ्ठावीस वर्षं वह्या तपासतेय. लागेल.

बहीण : ताई, तू चिडशील गं. मग हे चिडतील. मी ओळखते ना तुला.

बाई : चिडू दे. आमचं आम्ही बघू.

बहीण : नक्की निघू मी?

बाई : निघ. आणि आधी कुठेतरी जेवून घे.