अर्ध्या वाटेवरचा कातळ

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आणि त्यांची मुलगी बसल्या होत्या.

"रविवारी डोंगरावर गेलीस हे डॉक्टरांना सांग हं आई."

"मुलांना घेऊन गेले होते. एकतीस वर्षं नेतेय."

"गुडघा बघ, भोपळ्याएवढा झालाय. पुढच्या वर्षी नेलं असतंस!"

"पुढच्या वर्षी कॉलेजात हा विषयच नाही. यंदा सातच मुलांनी घेतला, म्हणून बंद करतायत."

"हे मला कधी सांगणार होतीस?"

"सांगितलं की आत्ता."

"मग? चढलीस वरपर्यंत?"

"नाही गं. अर्ध्या वाटेत एका कातळावर बसून राहिले. पहिल्यांदाच. मुलं गेली वर."

"एकटीच बसलीस?"

"वरून ओरडत होती ना, 'बाई, इथल्या दगडाला भोकंच भोकं आहेत!' मी खालून ओरडले, 'लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकलेत त्यात!'"

"ऐकू गेलं त्यांना?"

"कुणास ठाऊक."

"आई, आपला नंबर आला. ऊठ, हात दे."

"थांब जरा. दमले गं मी."