जोसेफनं वाचून दाखवलेलं

— नाही नाही, बेडरूम नंतर बघा, नीताबाई, आधी बसा. बसा हो! कळंबोलीहून घर बघायला एवढ्या उन्हात आलात. हा मलिदा घ्या — पोहे, खोबरं, गूळ. आमच्या बेने इस्रायली ज्यूंमध्ये एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला करतात, नवस फिटला की. माझा कसला नवस! कालपासून नुसती हसत सुटलेय, म्हणून केला. काय झालं, काल वाचनालयात मुका सिनेमा होता — तोच, जो मी अठराव्या वर्षी इथल्याच शाळेच्या हॉलमध्ये पाहिला होता. शेजारी जोसेफ. हा फोटोतला, पुढे माझा नवरा झाला तो. हो, कान मोठेच होते. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. तर हीरो चुन्याच्या बादलीत पाय घालून घसरतो तो थेट हिरॉईनच्या पुढ्यात! मी इतकी हसले, इतकी हसले, की पुढचे गृहस्थ म्हणाले, आजी, जरा सिनेमा ऐकू द्या. मुका सिनेमा! ऐकू द्या म्हणे!

हां, तर शेवटी बोट सुटायची असते, तो तिला विचारतो, राहतेस का? आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात. मला तेव्हा कुठलं इंग्रजी! जोसेफ इंग्रजी शाळेतला, तोच कानात सांगायचा. म्हणाला, 'ती म्हणते, राहते.' तेवढ्यात रीळ तुटलं, दिवे लागले, सगळे घरी. त्याच महिन्यात आमचं अख्खं घर इस्रायलला निघालेलं — आई, बाबा, बहीण एलिशेवा; माझाही पासपोर्ट तयार. मी घरी जाऊन सांगितलं, मी राहते.

आणि काल? काल मी स्वतः वाचलं — चाळीस वर्षं ऑफिसात इंग्रजी पत्रं टाइप केलीत, चुकणार नाही — ती म्हणते, 'माफ कर, मला गेलंच पाहिजे.' आणि जाते की हो, बोटीत चढून! लबाड मेला! पन्नास वर्षं ताकास तूर लागू दिली नाही.

राग? येतो ना. आई मला पुन्हा दिसली नाही, नीताबाई. ... पण हसूच जास्त येतं. एवढं धडधडीत खोटं, आणि माझ्यासाठी! त्याच्या जागी मी असते, तर मीही तेच वाचलं असतं.

शिरा, माझी मुलगी, आता तिकडे इस्रायललाच असते — म्हणते, आई, घर विक, ये. मी हो म्हणाले, म्हणून तर तुम्ही आलात. पण आता कानात सांगायला कुणी नाही, माझं मी वाचलंय — आणि तरी मी राहतेच म्हणते.

रडत नाही हो, हसतेय. ती मोजायची टेप गुंडाळा, घर द्यायचं नाही मला. रागावू नका, पण निघा आता. मला जोसेफशी भांडायचंय.