परवाना घरी राहिला

दुपारच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक काका धापा टाकत येऊन बसले. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

"एवढी कसली धावपळ, काका?"

"बंदुकीचा परवाना घरी राहिलाय. नेमबाजीच्या मैदानावरून परत पाठवलं मला."

"अगंबाई! मग बंदूक कुठंय?"

"तिथंच कपाटात कुलूपबंद करून ठेवलीय. पावती दिलीय, ही बघा. काय सुरेख अक्षर आहे!"

"ओळखीचं कुणी नव्हतं का?"

"फाटकावर माझीच मुलगी होती की! आजच रुजू झालीय."

"आणि तिनं तुम्हाला परत पाठवलं?"

"मग काय तर! म्हणाली, 'परवाना दाखवा.' म्हटलं, अगं, बाप आहे मी तुझा! तर म्हणते कशी, 'तुम्ही माझे बाबा आहात ते खरं, पण बंदूक तुमची आहे हे कागदानंच सांगायला हवं.' मागे अख्खी रांग उभी होती, बरं का."

"चारचौघांत? वाईट वाटलं असेल."

"वाईट? अहो, नळीवरचा नंबर कागदाशी ताडून बघायला तिला शिकवलं कुणी? मी! तीस वर्षं नेमबाजी करतोय, पण परवाना खिशात नसताना बंदूक घेऊन कधी उंबरठा ओलांडला नाही."

"मग आजच कसे विसरलात?"

"तिला गणवेशात बघायची घाई झाली होती हो."